अणूतील मूलकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवीपासून बारावीपर्यंतचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि क्वचित शिक्षकही इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अणूत मुख्य कण किती असतात आणि ते कोठे असतात?

तीन. धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभाररहित न्यूट्रॉन हे मध्यभागी असलेल्या केंद्रकात असतात, तर ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन केंद्रकाबाहेरच्या भागात असतात. प्रोटॉनांच्या संख्येवरून अणू कोणत्या मूलद्रव्याचा आहे हे ठरते, इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवरून तो इतर अणूंशी कसा वागेल हे ठरते आणि त्याचे केंद्रक टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी न्यूट्रॉनांच्या संख्येवर अवलंबून असते. प्रभार आणि वस्तुमान यांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा ही कामांची वाटणी समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे, असे आमचे मत आहे. खालच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिच्यातूनच निघतात.

२. या तीन कणांचे प्रभार आणि वस्तुमान नेमके किती असते?

प्रोटॉनवरील धनप्रभार आणि इलेक्ट्रॉनवरील ऋणप्रभार यांचे परिमाण सारखेच, म्हणजे १.६०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके कूलोम असते; न्यूट्रॉनवरील एकूण प्रभार शून्य असतो. वस्तुमानासाठी डाल्टन हे एकक सोयीचे आहे. कार्बन-१२ च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे एक डाल्टन. या एककात प्रोटॉनचे वस्तुमान १.००७३, न्यूट्रॉनचे १.००८७ आणि इलेक्ट्रॉनचे अवघे ०.०००५५ भरते. म्हणजे प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट आणि न्यूट्रॉन सुमारे १८३९ पट जड आहे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे वस्तुमान ‘समान’ असते, असे पुस्तकात लिहिलेले असते. शालेय गणितांपुरते ते चालते, परंतु न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा सुमारे ०.१४ टक्क्याने जड आहे आणि एवढ्याशा फरकाचे परिणाम मोठे आहेत (प्रश्न १२ पाहा).

३. अणू कोणत्या मूलद्रव्याचा आहे, हे वस्तुमानावरून का ठरवत नाहीत?

एकेकाळी तसेच ठरवत असत आणि त्यातून अडचणी उभ्या राहिल्या. आर्गॉनचे अणुवस्तुमान ३९.९५ आहे आणि पोटॅशियमचे ३९.१०, केवळ वस्तुमानाच्या क्रमाने मांडणी केली, तर पोटॅशियम हा अतिशय क्रियाशील धातू निष्क्रिय वायूंच्या रांगेत जाऊन बसतो. टेल्युरियम (१२७.६) आणि आयोडीन (१२६.९) यांच्याबाबतीतही असाच पेच होता आणि आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने गुणधर्मांवर विसंबून आयोडीन टेल्युरियमच्या पुढेच ठेवले होते.

या क्रमामागचे कारण हेन्री मोसले या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. निरनिराळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता १९१३ मध्ये मोजताना त्याला असे आढळले की, ती वस्तुमानानुसार नव्हे, तर एकेकाने वाढत जाणाऱ्या एका पूर्णांकानुसार बदलते. हा पूर्णांक म्हणजे केंद्रकातील धनप्रभार, अर्थात आजच्या भाषेत प्रोटॉनांची संख्या किंवा अणुअंक. आर्गॉनचा अणुअंक १८ आणि पोटॅशियमचा १९, त्यामुळे क्रमाचा वाद मिटला. मोसले १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी मारला गेला.

४. अणुवस्तुमानांक पूर्णांक असतो, मग क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.५ कसे?

या दोन वेगळ्या राशी आहेत. अणुवस्तुमानांक म्हणजे एका अणूच्या केंद्रकातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकत्रित संख्या. ती मोजून काढलेली असल्याने पूर्णांकच असणार. तक्त्यात दिलेले अणुवस्तुमान मात्र निसर्गात आढळणाऱ्या सर्व समस्थानिकांची भारित सरासरी असते. क्लोरीनच्या प्रत्येक अणूत १७ प्रोटॉन असतात, पण काही अणूंत १८ आणि काहींत २० न्यूट्रॉन असतात. क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ हे समस्थानिक साधारण ३ : १ या प्रमाणात आढळत असल्याने सरासरी ३५.५ च्या जवळ येते. ३५.५ डाल्टन वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू अस्तित्वात नाही.

५. प्रोटॉनचा शोध गोल्डस्टाइनने लावला की रुदरफोर्डने? वेगवेगळ्या पुस्तकांत वेगळी नावे का आहेत?

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न सर्वाधिक येतो. त्याचे उत्तर ‘शोध’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून असल्याने ते थोडे सविस्तर देतो.

ऑयगेन गोल्डस्टाइन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये विरळ वायू भरलेल्या नळीत छिद्रे पाडलेला ऋणाग्र वापरला. तेव्हा ऋणाग्राच्या छिद्रांतून मागच्या बाजूला, म्हणजे कॅथोड किरणांच्या (ऋणाग्रातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या झोताच्या) उलट दिशेने, जाणारे किरण त्याला दिसले. हे किरण धनप्रभारित कणांचे असल्याचे पुढे विल्हेल्म वीन याने दाखवले. मात्र या कणांचे प्रभार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर नळीत कोणता वायू भरला आहे त्यानुसार बदलत होते. याउलट, जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये केंब्रिजमध्ये ज्या ऋण कणांचे गुणोत्तर मोजले, ते कोणताही वायू वापरला तरी तेच येत होते. म्हणून इलेक्ट्रॉन हा सर्व अणूंचा घटक आहे, असे म्हणता आले. गोल्डस्टाइनच्या किरणांबद्दल तसे म्हणता येत नव्हते, कारण ते नळीतल्या वायूचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू किंवा रेणू, होते. नळीत हायड्रोजन असेल, तर त्यांत प्रोटॉनही असणार, हे खरे; पण हा कण प्रत्येक अणूच्या केंद्रकात असतो, हे त्या प्रयोगातून कळत नाही.

अर्नेस्ट रुदरफोर्डने नायट्रोजन वायूवर अल्फा कणांचा (हेलियमच्या केंद्रकांचा) मारा केला, तेव्हा त्यातून हायड्रोजनची केंद्रके बाहेर पडताना आढळली. हे निष्कर्ष १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. नायट्रोजनच्या केंद्रकातून हायड्रोजनचे केंद्रक निघते, याचा अर्थ ते इतर केंद्रकांचाही घटक आहे. १९२० मध्ये त्याला प्रोटॉन हे नाव मिळाले. त्यामुळे ‘प्रोटॉनचा शोध कोणी लावला’ या प्रश्नाला रुदरफोर्ड हेच उत्तर आम्हाला योग्य वाटते आणि गोल्डस्टाइनकडे धन किरणांच्या शोधाचे श्रेय राहते.

६. न्यूट्रॉन सापडायला १९३२ साल का उजाडले?

कारण तो प्रभाररहित आहे. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन विद्युत व चुंबकीय क्षेत्रात वळतात आणि वायूतून जाताना आयनांची माळ मागे सोडतात. न्यूट्रॉन यांपैकी काहीच करत नाही. असा कण असावा, ही शक्यता रुदरफोर्डने १९२० मध्येच बोलून दाखवली होती, कारण केंद्रकांचे वस्तुमान त्यांच्यातील प्रोटॉनांच्या मानाने दुपटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरत होते.

पुढे बेरिलियमवर अल्फा कण आदळवले असता त्यातून अतिशय भेदक आणि प्रभाररहित किरण बाहेर पडतात, असे जर्मनीत आढळले. पॅरिसमध्ये आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी हे किरण पॅराफिन मेणावर सोडले, तेव्हा मेणातून वेगवान प्रोटॉन बाहेर फेकले गेले. त्या दोघांनी हे किरण म्हणजे गॅमा किरण असे गृहीत धरले. जेम्स चॅडविकने हिशेब करून दाखवले की, गॅमा किरणांनी प्रोटॉनला एवढा धक्का द्यायचा तर त्यांची ऊर्जा या अभिक्रियेतून मिळू शकेल त्याहून कितीतरी अधिक असावी लागेल. मात्र साधारण प्रोटॉनएवढ्या वस्तुमानाचा प्रभाररहित कण आदळतो असे मानले, तर सगळे आकडे जुळतात. फेब्रुवारी १९३२ मध्ये त्याने हे जाहीर केले आणि १९३५ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगाची सामग्री दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. फरक पडला तो हिशेब शेवटपर्यंत नेण्यात.

७. सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, तर केंद्रकातले प्रोटॉन एकत्र कसे राहतात?

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यामध्ये विद्युत बलाखेरीज प्रबळ केंद्रकीय बलही असते. ते आकर्षक आणि विद्युत प्रतिकर्षणाहून कितीतरी मोठे असते, पण त्याचा पल्ला काही फेम्टोमीटरपुरताच असतो (एका मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक फेम्टोमीटर). विद्युत बलाला अशी मर्यादा नाही. त्यामुळे मोठ्या केंद्रकात प्रत्येक प्रोटॉनला केवळ शेजारचे कण ओढतात, तर इतर सर्वच प्रोटॉन ढकलतात.

येथे न्यूट्रॉन उपयोगी पडतात, कारण ते आकर्षणात भर घालतात आणि प्रतिकर्षणात काहीच घालत नाहीत. हलक्या केंद्रकांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची संख्या साधारण सारखी चालते. कॅल्शियम-४० मध्ये दोन्ही २० आहेत. त्यापुढे न्यूट्रॉन अधिकाधिक लागतात आणि शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉनांना १२६ न्यूट्रॉन असतात. शिशानंतर मात्र न्यूट्रॉन वाढवूनही भागत नाही. बिस्मथ-२०९ स्थिर आहे असे दीर्घकाळ मानले जात होते, पण त्याचाही ऱ्हास होतो, असे २००३ मध्ये दिसून आले. त्याचे अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या एक अब्ज पटींहून अधिक असल्याने व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. उलट, टेक्नेशियम (४३) आणि प्रोमेथियम (६१) ही आवर्तसारणीच्या मध्यातली मूलद्रव्ये असूनही त्यांचा एकही समस्थानिक स्थिर नाही. तेव्हा ‘जड तेवढे अस्थिर’ हा नियमही सरसकट लावता येत नाही.

८. सर्व अणूंमध्ये न्यूट्रॉन असतात का?

नाही. सामान्य हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. तेथे प्रतिकर्षण करणारा दुसरा प्रोटॉन नसल्याने न्यूट्रॉनची गरज पडत नाही. एक न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन म्हणजे ड्यूटेरियम (हायड्रोजनच्या साधारण ६४०० अणूंमागे एक) आणि दोन न्यूट्रॉन असलेला म्हणजे किरणोत्सारी ट्रिटियम.

एका न्यूट्रॉनने रासायनिक वागणूक फारशी बदलत नाही, हे बहुतेक मूलद्रव्यांबाबत खरे आहे. पण हायड्रोजनच्या बाबतीत वस्तुमान थेट दुप्पट होत असल्याने फरक जाणवण्याजोगा असतो. ड्यूटेरियमपासून बनलेले जड पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के अधिक घनतेचे असते आणि ३.८ अंश सेल्सिअसला गोठते. ते न्यूट्रॉनांचा वेग कमी करते, पण त्यांना फारसे शोषून घेत नाही. म्हणून तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत नैसर्गिक युरेनियमबरोबर ते वापरतात, तर तेथील १९६९ पासूनच्या पहिल्या दोन भट्ट्यांत साधे पाणी आणि समृद्ध युरेनियम आहे. रायगड जिल्ह्यात थळ येथे जड पाण्याचा कारखाना आहे.

९. इलेक्ट्रॉन सूर्याभोवतीच्या ग्रहांसारखे फिरतात का?

नाही. पुस्तकातली वर्तुळे नील्स बोरच्या १९१३ च्या प्रारूपातून आली आहेत. हायड्रोजनच्या वर्णपटाचे आकडे त्या प्रारूपाने अचूक मिळतात, म्हणून ते शिकवले जाते आणि शिकवावेही; पण त्यातल्या कक्षा खऱ्या नाहीत. इलेक्ट्रॉन कोणत्या ठिकाणी सापडण्याची शक्यता किती, एवढेच पुंजयामिकीतून (क्वांटम मेकॅनिक्समधून) सांगता येते. हायड्रोजनमध्ये ही शक्यता केंद्रकाभोवती सर्व दिशांना सारखी पसरलेली असते.

चित्रातले प्रमाण तर आणखी फसवे असते. हायड्रोजनचा प्रोटॉन ज्वारीच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर व्यासाचा मानला, तर इलेक्ट्रॉन सापडण्याची सर्वाधिक शक्यता सव्वाशे मीटर अंतरावर येते. मधली जागा मात्र ‘रिकामी’ म्हणावी का, हा वेगळा मुद्दा आहे, कारण इलेक्ट्रॉनची शक्यता त्या सर्व जागेत पसरलेली असते. टेबलावर ठेवलेला हात आरपार जात नाही, याचे कारण केंद्रकांत नसून इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणात आणि दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत या पाउलीच्या नियमात आहे.

१०. मग ऋण इलेक्ट्रॉन धन केंद्रकात पडत का नाही?

जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे तो एका सेकंदाच्या अत्यल्प अंशात पडायला हवा होता. रुदरफोर्डच्या प्रारूपातली हीच मोठी उणीव होती. पुंजयामिकीप्रमाणे इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत कोंडावे, तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते. केंद्रकाजवळ गेल्याने आकर्षणामुळे जी ऊर्जा कमी होते, ती या वाढीने भरून निघते आणि दोहोंची बेरीज जेथे किमान होते, तेथे अणूचा आकार ठरतो. त्याहून खालची अवस्थाच नसल्याने इलेक्ट्रॉन आणखी पडू शकत नाही.

याला एक खरा अपवाद आहे. काही केंद्रके आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन सामावून घेतात आणि त्यांच्यातील एका प्रोटॉनचे न्यूट्रॉनमध्ये रूपांतर होते. पोटॅशियम-४० च्या साधारण ११ टक्के केंद्रकांचा ऱ्हास असा होऊन त्यांचे आर्गॉन-४० बनते. हवेतील बहुतेक आर्गॉन असाच तयार झालेला आहे आणि खडकांचे वय काढण्याची एक पद्धतही यावर आधारलेली आहे.

११. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, तर कॅल्शियमची मांडणी २, ८, ८, २ अशी का?

कवचाची कमाल क्षमता आणि भरण्याचा क्रम या वेगळ्या गोष्टी आहेत. कवचांच्या आत उपकवचे असतात आणि चौथ्या कवचाचे पहिले उपकवच पोटॅशियम व कॅल्शियममध्ये तिसऱ्या कवचाच्या शेवटच्या उपकवचाआधी भरते. स्कँडियमपासून राहिलेल्या जागा भरू लागतात आणि मांडणी २, ८, ९, २ अशी होते. क्रोमियम (२, ८, १३, १) आणि तांबे (२, ८, १८, १) येथे हा क्रमही किंचित मोडतो. इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिकर्षण धरून जी मांडणी सर्वांत कमी ऊर्जेची ठरते, ती अणू स्वीकारतो. आपल्या सोयीसाठी केलेला नियम त्याच्यावर बंधनकारक नाही.

१२. न्यूट्रॉन म्हणजे एकमेकांना चिकटलेले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनच ना?

नाही, जरी सुटा न्यूट्रॉन मोडतो तेव्हा त्यातून हे दोन कण बाहेर पडत असले, तरीही. त्यांच्याबरोबर अँटिन्यूट्रिनो हा अतिशय हलका, प्रभाररहित कणही निघतो आणि हे तिन्ही कण त्या क्षणी निर्माण होतात. आधीपासून आत बसलेले नसतात. नायट्रोजन-१४ चे केंद्रक १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन यांचे मानले, तर कणांची संख्या विषम होऊन केंद्रकाचा स्पिन (कणाचा अंगभूत कोनीय संवेग) अर्धपूर्णांकी, म्हणजे १/२, ३/२ असा, यायला हवा. प्रत्यक्षात तो १ आहे. न्यूट्रॉनच्या शोधापूर्वी शास्त्रज्ञांना याच विसंगतीने सतावले होते.

सुट्या न्यूट्रॉनचे सरासरी आयुष्य सुमारे ८८० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आत आहे. हे घडते कारण तो प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या एकत्रित वस्तुमानाहूनही किंचित जड आहे. स्थिर केंद्रकात मात्र न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला, तर नव्या केंद्रकाची ऊर्जा वाढणार असते, म्हणून तेथे तो टिकतो. उलट प्रोटॉन न्यूट्रॉनपेक्षा जड असता, तर साधा हायड्रोजन टिकला नसता आणि पाणीही नसते.

१३. अणूतून एखादा कण काढला, तर मूलद्रव्य बदलते का?

केवळ प्रोटॉनांची संख्या बदलली तरच. इलेक्ट्रॉन कमी-जास्त झाले तर आयन बनतो, न्यूट्रॉन कमी-जास्त झाले तर समस्थानिक. सोडियम आयन, निऑनचा अणू आणि फ्लोराइड आयन या तिघांतही दहाच इलेक्ट्रॉन असतात, तरीही ती तीन वेगळी मूलद्रव्ये आहेत.

१४. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन क्वार्कपासून बनलेले असतील, तर त्यांना मूलकण का म्हणायचे?

काटेकोरपणे पाहिले, तर या तिघांपैकी केवळ इलेक्ट्रॉनलाच ते लागू पडते. त्याच्या आत काही रचना असल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. प्रोटॉनमध्ये दोन ‘अप’ आणि एक ‘डाउन’ क्वार्क असतो, न्यूट्रॉनमध्ये एक ‘अप’ आणि दोन ‘डाउन’. अपचा प्रभार अधिक दोन तृतीयांश आणि डाउनचा उणे एक तृतीयांश असल्याने बेरीज अनुक्रमे १ आणि ० येते. ही कल्पना १९६४ मध्ये मांडली गेली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळवून तिला आधार मिळाला. क्वार्क सुटा कधीच सापडत नाही, म्हणून रसायनशास्त्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांनाच घटक मानणे रास्त आहे. या तीन क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या सुमारे एक टक्का भरते. उरलेले जवळजवळ सगळे वस्तुमान त्यांच्या गतीच्या आणि त्यांना बांधणाऱ्या बलाच्या ऊर्जेतून येते.

१५. सुट्या कणांची बेरीज अणूच्या वस्तुमानापेक्षा जास्त का येते?

दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन आणि दोन इलेक्ट्रॉन यांची बेरीज ४.०३३० डाल्टन होते, पण हेलियमचा अणू ४.००२६ डाल्टनचा असतो. कण एकत्र येताना जी बंधनऊर्जा बाहेर पडते, तिच्याएवढे वस्तुमान कमी होते. ही घट पाऊण टक्क्याच्या आसपास आहे आणि सूर्य हायड्रोजनपासून हेलियम बनवतो तेव्हा जवळपास एवढ्याच प्रमाणात वस्तुमानाची ऊर्जा होते.

१६. प्रोटॉन कधी नष्ट होतो का?

काही सिद्धांतांनुसार व्हायला हवा, पण तसे आजवर खात्रीने दिसलेले नाही. १९८० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि जपानमधील शास्त्रज्ञांनी कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उपकरण बसवून याचाच शोध घेतला होता. तेथे काही संभाव्य घटना नोंदल्या गेल्या, पण इतर प्रयोगांतून त्यांना दुजोरा मिळाला नाही. जपानमधील सुपर-कामिओकांदे प्रयोगानुसार प्रोटॉनचा अपेक्षित ऱ्हास होत असल्यास त्याचे आयुष्य किमान १ वर ३४ शून्ये इतक्या वर्षांचे असले पाहिजे.

१७. या तीन कणांखेरीज वेगळ्या कणांचे अणू असू शकतात का?

असू शकतात आणि प्रयोगशाळेत बनवलेही गेले आहेत. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन मिळून पॉझिट्रोनियम बनते, पण ते क्षणार्धात नष्ट होते. अँटिप्रोटॉन आणि पॉझिट्रॉन यांचा अँटिहायड्रोजन १९९५ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात प्रथम तयार झाला.

इलेक्ट्रॉनच्या जागी त्याच्या २०७ पट जड असलेला म्यूऑन घातलेला हायड्रोजन सर्वांत उपयोगी ठरला आहे. म्यूऑन प्रोटॉनच्या कितीतरी जवळ राहत असल्याने प्रोटॉनच्या आकाराचा त्याच्या ऊर्जेवर अधिक परिणाम होतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१० मध्ये अशा मोजणीतून प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर आली, तेव्हा सर्वमान्य आकडा ०.८८ च्या जवळ होता. चूक मोजणीत आहे की सिद्धांतात, यावर अनेक वर्षे वाद झाला. पुढे साध्या हायड्रोजनवरील काही नव्या मोजण्याही ०.८४ च्या बाजूने आल्या आणि आता प्रमाण तक्त्यांत तोच आकडा दिलेला असतो.